धक्का मारता येईल का?

आक्काचा सांगलीकडून फोन आला. तिचा आवाज ऐकूनच मी विचारलं, "कुणाला ॲडमिट केलंय?"

"कुणाला न्हाई. ह्यांनी अंगणात हाडं आणून टाकल्यात. तू ये."

गेलो. तुळशीवृंदावनाशेजारी एका जुन्या विलीज जीपचा सांगाडा पडला होता. इंजिन जागेवर होतं, बाकी सगळी जागाच होती. दाजी त्याच्याभोवती हात मागे बांधून फिरत होते. बैलबाजारात जनावर विकत घेऊन झाल्यावर माणूस जसा फिरतो, तसे.

"पाव्हणं," ते म्हणाले, "हॉट रॉड करायचा."

मी त्या वेळी हॉट रॉड म्हणजे तापलेली सळई समजलो आणि हे वेल्डिंगबद्दल बोलतात असं धरून मान डोलावली. ही मान पुढे आठ महिने महागात पडली. हॉट रॉड म्हणजे काय, ते दाजींनी नातवाच्या मोबाईलवर दाखवलं. 1930-40 च्या काळात कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्या घ्यायची, मडगार्ड काढायची, बॉनेट काढायची, आत जमेल तेवढं मोठं इंजिन बसवायची आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्यात भन्नाट पळवायची. कोरडं तळं ही एकच गोष्ट ऐकून मला आपलेपणा वाटला. आटपाडी-जतकडे तळ्यांची कमतरता नाही आणि बरीच वर्षं ती कोरडीही असत.

पण दाजींना हे वेड अमेरिकेतून आलेलं नव्हतं. ते आलं चार कोसांवरच्या देवराष्ट्रे गावातून. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून एक छोटी जीप बनवली. रिक्षाची चाकं, जीपसारखं तोंड आणि मोटरसायकलसारखी किक मारून चालू होणारी. खर्च साठेक हजार. 2021 च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ देशभर फिरला आणि आनंद महिंद्रांनी सांगितलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, तेव्हा ती आम्हाला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या. लोहार पहिल्यांदा काही तयार होईनात. घरात जन्मलेलं वासरू कोण बदलून देतो? अखेर 2022 च्या जानेवारीत बोलेरो आली. पाठोपाठ सांगलीतल्या आणखी एका मिस्त्रींनी 1930 च्या फोर्डसारखी दिसणारी गाडी बनवली. मग दाजींना झोप कुठली?

आता देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. ते 1913 साली जन्मले तेव्हा गाव सातारा जिल्ह्यात होतं. 1949 साली ते दक्षिण साताऱ्यात गेलं आणि 1960 साली त्या जिल्ह्याचंच नाव सांगली झालं. गाव इंचभर हललं नाही, क्लच कुणी दाबला नाही, तरी तीन जिल्ह्यांची नावं पडली. ऑटोमॅटिक गिअरचा याहून चांगला दाखला मला अजून सापडलेला नाही. साताऱ्याचा माणूस म्हणून मी लोहारांच्या जीपवर निम्मा हक्क सांगतो. दाजी तो मान्य करत नाहीत.

तर गिअर. दाजींच्या हॉट रॉडला साधा गिअर चालणार नव्हता. "गुडघं गेलं," ते म्हणाले. "क्लच दाबायचा न्हाई. आपोआप पायजे." त्यासाठी त्यांनी मुंबईच्या एका भंगारवाल्याकडून जुन्या शेवरलेचा पॉवरग्लाइड गिअरबॉक्स उचलला होता. वाशीच्या बाजारात द्राक्षं टाकून रिकामा परतणाऱ्या तासगावच्या टेम्पोत, क्रेटांच्या मध्ये, पोत्यात गुंडाळून तो आला. बिडाचा, जाड आणि काळपट. चौघांनी उतरवला. आक्काच्या सासूबाईंनी लांबून हात जोडले. त्यांना वाटलं, मारुती आणला.

आणि मग मिस्त्री आले. या सगळ्या प्रकरणातला एकमेव शहाणा माणूस. सत्तरीचा, खाकी हाफ पँट, कानावर अर्धी विडी. उभी हयात वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपगाड्या दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांनी गिअरबॉक्सला एक फेरी मारली, पान्यानं टण्‌ करून वाजवला आणि एकच प्रश्न विचारला.

"धक्का मारता येईल का?"

दाजी गप्प. मी गप्प. मिस्त्रींनी विडी पेटवली. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

या प्रश्नाचं वजन पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे गाडी चालू होणं ही सार्वजनिक घटना असते. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात 'प्रिया' स्कूटर बनायची. मी बँकेत लागलो तेव्हा पहिली तीच घेतली. सकाळी तिला मांडीकडे तिरकी करायची, पेट्रोल सरकलं असं मनाशी धरायचं आणि किका मारायच्या. सातव्या किकेला शेजारचे दात घासत येऊन "चोक दिला का?" विचारायचे. दहाव्याला समोरचे पेन्शनर उतरायचे. त्यानंतर धक्का. गाडी चालू झाली की तिघंही आपण काहीतरी केलं अशा समाधानानं घरी जायचे. आजही त्या आळीत माझी ओळख कर्ज पास करणारा म्हणून नाही, धक्क्याला बोलावणारा म्हणून आहे.

आणि ऑटोमॅटिक गिअर आम्हाला नवा आहे, असंही कुणी समजू नये. वडापमध्ये पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून पाच बसायचे. गिअरची दांडी तिसऱ्याच्या गुडघ्यांमध्ये. ड्रायव्हरचा हात तिथवर पोचायचाच नाही. तो नुसता म्हणायचा, "पाव्हणं, दुसरा टाका." पाव्हणं टाकायचे. चढ आला की मागून एखादी म्हातारी ओरडायची, "आरं पयला टाक की!" ड्रायव्हरनं फक्त वळवायचं. विट्यापासून कराडपर्यंत मी स्वतः असा गिअर टाकत गेलेलो आहे आणि भाडंही पूर्ण दिलेलं आहे.

मला बोलावण्याचं खरं कारण दुसऱ्या दिवशी कळलं. दाजींकडे त्या गिअरबॉक्सच्या पुस्तकाची झेरॉक्स होती, इंग्रजीत. "पाव्हणं बँकेत हुतं, इंग्रजी वाचत्यात," असं त्यांनी मिस्त्रींना सांगून ठेवलेलं. मी आयुष्यात इंग्रजीतून फक्त थकबाकीच्या नोटिसा वाचल्या होत्या. तरी चष्मा पुसला.

पहिलं प्रकरण टॉर्क कन्व्हर्टरचं. तांब्यापेक्षा मोठा, कळशीपेक्षा बसका असा एक बंद डबा. आत समोरासमोर दोन पंखे आणि मध्ये तेल. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल फेकतो, त्या तेलाच्या मारानं दुसरा फिरतो. दोन्ही एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. मध्ये आणखी एक छोटं चक्र परतणाऱ्या तेलाला वळण देतं, म्हणून जोर वाढतो.

"शिवत न्हाईत, मग फिरतंय कसं?" मिस्त्री.

मी पुस्तक खाली ठेवलं. म्हटलं, "मिस्त्री, कोयना धरण कुठं?"

"पाटणला. तुमच्याकडं."

"आणि आयर्विन पूल?"

"सांगलीत."

"दोन्हीच्या मध्ये दांडी हाय का? साखळी?"

"न्हाई."

"मग आम्ही तिकडं दरवाजे उचलले की तुम्ही इकडं कपाटं माळ्यावर का चढवता?"

मिस्त्रींनी विडी विझवली. आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 फूट म्हणजे धोका, हे सांगलीत बालवाडीतल्या पोराला पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा मिस्त्रींचं अख्खं गॅरेज बुडालेलं. ते थोडा वेळ डब्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे हलकं सोडलं तर हलकं फिरणार, आन्‌ एकदम सोडलं तर…"

"एकदम."

"समजलं." इतक्या झटपट टॉर्क कन्व्हर्टर कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजातही कुणाला कळला नसेल.

दुसरं प्रकरण ग्रहांचं. या पेटीत दातांची चाकं आपल्यासारखी एकापुढे एक नसतात. मध्ये एक सूर्य, भोवती ग्रह, बाहेर कडं. मी हे वाचलं आणि सासूबाई सरकून जवळ बसल्या. गिअर बदलायचा म्हणजे कुठलंच चाक सरकवायचं नाही, कुणाला तरी धरून ठेवायचं. पॉवरग्लाइडमध्ये 'लो'साठी एक पट्टा ड्रमवर आवळला जातो आणि एक सूर्य जागच्या जागी थांबतो. पट्टा सुटला, क्लच धरला की सगळी ग्रहमाला एकजीव होऊन फिरते, तो 'ड्राइव्ह'. "आपल्याकडं ग्रहांची शांत करत्यात," सासूबाई म्हणाल्या, "हे तर सूर्यालाच दावं लावत्यात." गिअर इनमिन दोन. एवढ्या बिडाच्या धुडात दोन गिअर ऐकून मिस्त्रींनी दाजींकडे असं पाहिलं, जणू हुंड्यात फसलेला नवरदेव.

पुढे 'गव्हर्नर' शब्द आला. मी भारावून जाऊन सांगितलं, "राज्यपाल वेग बघतो आणि ठरवतो गिअर कधी बदलायचा." मिस्त्री म्हणाले, "गव्हर्नर म्हायत हाय मला. इंजिनाला असतोय." बरोबरच. विहिरीवरचं कूपर किंवा किर्लोस्कर खोलून ज्याचे हात काळे झाले, त्याला गव्हर्नर काय सांगायचा? कूपर आमच्या साताऱ्याचं, किर्लोस्कर दाजींच्या सांगलीकडचं. यावरून दाजींचं आणि माझं लग्नाच्या मांडवात भांडण झालेलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडल रोडजवळच्या माळावर कारखाना काढला तेव्हा ती जागा औंध संस्थानची होती आणि औंध साताऱ्यात, हा माझा हुकमी पत्ता. तो टाकला की दाजी जेवायला उठतात. लोखंडी नांगरानं जमिनीत विष उतरतं, असं त्या काळी शेतकरी म्हणायचे. मिस्त्रींचं पॉवरग्लाइडबद्दलचं मत साधारण त्याच जातीचं होतं.

बसवणं सुरू झालं आणि पुस्तक संपलं. जीपचं इंजिन आणि शेवरलेचा गिअरबॉक्स यांची भोकं जुळायचं काही कारण नव्हतं. मध्ये लोखंडी पाटा हवा. कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे तो कापला. भोकांचा मध्य क्रँकच्या मध्याशी पाच थाऊच्या, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशांच्या, आत जुळला पाहिजे, असं मी वाचून दाखवलं. लेथवाल्यानं विचारलं, "गाडी कुठं न्यायची?" म्हटलं, "कुठंच नाही, शेतात." तो म्हणाला, "मग पाच थाऊ कशाला?" तरी त्यानं तीनात बसवून दिला. सांगलीकर लेथवाला आधी वाद घालतो आणि मग सांगितल्यापेक्षा चोख काम करतो. वाद मजुरीत धरलेला असतो.

जीपचा मागचा डिफरन्शिअलचा गोळा मधोमध नसतो, उजवीकडे सरकलेला असतो. कारण मूळ जीपला मध्ये ट्रान्सफर केस असते आणि तिचा शाफ्ट बाजूनं निघतो. आम्ही ती केस काढून टाकली होती. त्यामुळे गिअरबॉक्स बघतोय सरळ आणि गोळा बसलाय कडेला. लग्नात रुसलेल्या चुलत्यासारखा. शिवाय जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 80 इंच. इंजिन आणि पॉवरग्लाइड ठेवून झाल्यावर जॉइंट शाफ्टला वीतभर जागा उरली. चेसिस कापून लांबवली. अंगणात दोन दिवस ठिणग्या. तुळशीवर आक्कानं ओलं पोतं घातलं.

कन्व्हर्टर बसवण्याचा दिवस मी विसरणार नाही. तो डबा गिअरबॉक्सच्या तोंडात नुसता ढकलून चालत नाही. हातानं फिरवत, जोखत आत घ्यायचा. एकदा टक्‌, दुसऱ्यांदा टक्‌, तिसऱ्यांदा टक्‌. तिसरा टक्‌ आला की त्याची नाकं आतल्या पंपात बसली. आमचे दोन आले. दाजी म्हणाले, "चालतंय की. बोल्ट आवळले की आपोआप बसंल." आणि त्यांनी पाना लावला. अर्धा सूत फट राहिली होती, ती बोल्टानं ओढून घ्यायला लागले.

मिस्त्रींनी त्यांचा हात मनगटाशी धरला. एरवी ते दाजींना हातसुद्धा लावत नसत, मालक म्हणून. "दाजी," ते म्हणाले, "जावई आन्‌ गिअरबॉक्स वढून आणायचा नसतो. आपल्या पायानं घरात आला तर नांदतोय. वढला की आतलं कायतरी मोडतंय."

दाजी त्या घरचे जावई नव्हते, माझ्या घरचे होते. ते माझ्याकडे बघायला लागले. मी पुस्तकात बघायला लागलो. पुस्तकात हेच लिहिलेलं होतं, फक्त जावयाचा उल्लेख नव्हता. सगळे बोल्ट सोडले, डबा पुन्हा फिरवला. पंधरा मिनिटं गेली. मग तिसरा टक्‌ इतका बारीक आला की तो फक्त मिस्त्रींच्या बोटांना ऐकू आला.

तेल लाल असतं. परातीत ओतलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, कसलं? मी अतिशहाणपणानं सांगून बसलो की पूर्वी अमेरिकेत या तेलात देवमाशाचं तेल मिसळायचे, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बंदी आली तेव्हा थांबलं. सासूबाई माळकरी. त्याच दिवशी गाडी तुळशीपासून हलवून गोठ्याकडे नेण्यात आली. हे तेल आत्ताचं आहे, बिनमाशाचं आहे, हे मी तीन वेळा सांगितलं. मासा एकदा शिरला की शिरला.

एवढं सगळं होऊनही मिस्त्रींचा प्रश्न बाकीच होता. चहाच्या प्रत्येक वेळेला तो यायचा. ऑटोमॅटिक गाडीत तेलाचा दाब असल्याशिवाय काहीच धरत नाही आणि पंप इंजिनावर फिरतो. इंजिनच बंद तर दाब कुठून? मग कितीही धक्का मारा, चाकं नुसती फिरणार, इंजिनाला पत्ता लागणार नाही. हे मी एका रात्री वाचलं आणि सांगावं की नाही या विचारात पडलो. मिस्त्री काम सोडून गेले असते. पुढचं पान उलटलं आणि जीव भांड्यात पडला. या जुन्या पॉवरग्लाइडना मागच्या बाजूला आणखी एक पंप आहे, चाकांवर फिरणारा. चाकं फिरली की दाब येतो, दाब आला की पट्टा धरतो, पट्ट्यानं इंजिन फिरतं. 1960 च्या दशकातच कंपनीनं तो काढून टाकला.

सकाळी जाहीर केलं, "येतो! धक्का मारता येतो!"

"किती जोरात?" मिस्त्री.

"ताशी चाळीसेक किलोमीटर."

कृष्णाकाठची सपाट काळी रानं. चाळीसच्या वेगानं गाडी ढकलायला माणसं आणायची कुठून? दाजी म्हणाले, साताऱ्याला न्यायची, यवतेश्वरच्या घाटात सोडली की आपोआप चाळीस होतात. म्हणजे सांगलीत बांधलेली गाडी चालू करायला साताऱ्यात आणायची. मला तत्त्व म्हणून हे फार आवडलं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, कंपनीनं बनवलेल्या गाडीत असे फेरफार करून ती रस्त्यावर आणता येत नाही. एमएच 10 मधून निघालेला हॉट रॉड एमएच 50 च्या हद्दीत कराडलाच कुणीतरी उतरवून घेतला असता. बदल्यात बोलेरो मिळेल अशीही खात्री नव्हती. तेव्हा गाडी बांधाच्या आत राहणार, हे ठरलं.

पाडव्याला पूजा. गाव लोटलं. गाडी दिसायला, खरं सांगतो, देखणी झाली होती. पुढं नुसतं इंजिन उघडं, मागं दोघांपुरती बसकण, रंग हळदीसारखा पिवळा. सांगलीत दुसरा कुठला देणार? दाजींनी फेटा बांधलेला. इंजिन चालू केलं, एक ठोका चुकवत धरलं. दांडीवर अक्षरं होती, पी, एन, डी, एल, आर. ही जुनी ओळ, 'मागं' सगळ्यात शेवटी, 'लो'ला खेटून. पाहुण्यांना दाखवायला म्हणून त्यांनी दांडी 'डी'त टाकली. मिस्त्रींनी चाकाखाली दगड लावलेला होताच. जीपचा हँडब्रेक असतो ट्रान्सफर केसवर आणि ती केव्हाच भंगारात गेलेली. त्यामुळे आमचा हँडब्रेक म्हणजे तो दगड.

भटजी म्हणाले, "यजमान, खाली उतरून नारळ वाढवा."

दाजी उतरले. साध्या गाडीत क्लच न सोडता गाडी हलत नाही, ही चाळीस वर्षांची सवय. भटजींनी चाकाखाली लिंबू ठेवायला जागा हवी म्हणून दगड बाजूला सरकवला.

गाडी निघाली.

पळाली नाही, निघाली. ऑटोमॅटिक गाडी 'डी'त असली की ॲक्सिलरेटर न दाबताही रांगते. लिंबू फुटला, मागोमाग नारळ फुटला, दोन्ही मुहूर्ताच्या आधी. माणूस चालतो तेवढाच तिचा वेग, त्यामुळे कुणी ओरडलं नाही, पळालं नाही. सगळे तिच्याबरोबर चालायला लागले. पुढं भटजी, बाजूला दाजी नारळाची शेंडी हातात घेऊन, मागं गाव, सासूबाईंनी तर हात जोडले. पालखी निघाल्यासारखी ती गाडी उसाच्या कडेनं शांतपणे चालली होती आणि तिला कसं थांबवायचं यावर शांतपणे चर्चा चालू होती. "किल्ली काढा." "किल्ली न्हाई, बटण हाय." "बटण कुठाय?" "शिटाखाली." एका पोरानं चढून दांडी धरली. मी ओरडलो, "एन! एन!" त्याला वाटलं मी 'येन येन' म्हणतोय. तो म्हणाला, "या की, कोण अडवलंय?"

शेवटी पाट आला. पुढची दोन्ही चाकं पाटात उतरली, इंजिन गचकलं आणि बंद पडलं. पाण्याचा खळखळ आवाज तेवढा राहिला. दाजींनी स्टार्टर मारून बघितला. बॅटरी अर्धं कण्हून गप्प झाली.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. धोतरं खोचली गेली, चपला बांधावर निघाल्या, पाटात दोघं उतरले, मागं सहा जण लागले. मी 'एन'वर दांडी आणून धरली. भटजींनीसुद्धा सोवळं आवरून मडगार्डच्या जागी हात लावला, मडगार्ड नव्हतंच. "हांऽऽऽ, बोला," कुणीतरी म्हणालं आणि गाडी मागं सरकली.

मिस्त्री धक्क्याला नव्हते. बांधावर बसून त्यांनी कानावरची विडी काढली, पेटवली, एक झुरका घेतला.

"येतोय," ते म्हणाले. "आता पैशे द्या."